रामचंद्रपंत अमात्य : आज्ञापत्र आणि वतनांचा प्रश्न

कोल्हापूर राज्याच्या आरंभकाळातील मुत्सद्द्यांमध्ये रामचंद्र नीलकंठ अमात्य यांचे स्थान अग्रगण्य आहे. त्यांचे पिता नीलो सोनदेव हे शिवछत्रपतींच्या कारभारातील प्रमुख अधिकारी होते. इ. स. १६७४ च्या राज्याभिषेकसमयी अष्टप्रधानांत अमात्यपद रामचंद्रपंतांकडे होते. शिवकाळापासून कोल्हापूरच्या संभाजी छत्रपतींपर्यंत पाच कारकिर्दी त्यांनी पाहिल्या. ‘आज्ञापत्र’ हा राजनीतीवरील ग्रंथ याच अनुभवातून निर्माण झाला. तथापि त्यातील वतनविषयक विचार आणि पंतांचा स्वतःचा कारभार यांत जी विसंगती दिसते, तिचा उलगडा केल्यावाचून त्यांच्या कार्याचे मोल नीट कळणार नाही.

इ. स. १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड मोगलांच्या हाती गेला आणि राजाराम महाराजांस जिंजीचा आश्रय घ्यावा लागला. महाराष्ट्राचा कारभार ‘हुकूमतपनाह’ या किताबासह रामचंद्रपंतांकडे सोपविण्यात आला; शंकराजी नारायण सचिव हे त्यांचे प्रमुख सहकारी होते. राजा शेकडो कोस दूर, खजिना रिकामा आणि औरंगजेब स्वतः दक्षिणेत ठाण मांडून बसलेला, अशी ती अवस्था होती. या स्थितीत पंतांनी विशाळगडाच्या आश्रयाने कारभार चालविला. इ. स. १६९२ मध्ये परशुराम त्रिंबक यांच्या पराक्रमाने पन्हाळा परत मिळाला. संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांच्या फौजांना या कारभाराचेच पाठबळ होते.

परंतु या यशाची किंमत मोठी होती. मोगल बादशहा मराठा सरदारांस मनसबा व वतने देऊन आपल्याकडे ओढीत होता. रोख वेतन देण्याचा शिवकालीन परिपाठ रिकाम्या खजिन्यातून चालणे अशक्य होते. म्हणून छत्रपतींच्या बाजूनेही वतने, इनामे व सरंजाम यांची आश्वासने देणे भाग पडले. कित्येक सनदा तर अद्याप जिंकावयाच्या मुलखाच्या होत्या. इ. स. १६९१ मध्ये हणमंतराव घोरपडे यांस दिलेल्या आश्वासनात रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद आणि अखेरीस दिल्ली यांच्या विजयाचा उल्लेख आहे. अशा देणग्यांमुळे फौजा उभ्या राहिल्या. मात्र सरदारांचा मुलुखाशी वंशपरंपरागत हितसंबंध जडला व मध्यवर्ती सत्तेची पकड सैल झाली. या व्यवहारात महाराष्ट्रातील मुख्य कारभारी या नात्याने पंतांचा हात होता, हे उघड आहे.

पुढे शाहू महाराजांच्या सुटकेनंतर (१७०७) छत्रपतींची गादी दुभंगली. इ. स. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर ताराबाईंची सत्ता जाऊन राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले. या नव्या राजाच्या नावाने इ. स. १७१५ च्या सुमारास आज्ञापत्र लिहिले गेले. राजा, प्रधान, सावकार, टोपीकर, वतनदार, वृत्ती व इनाम, दुर्ग आणि आरमार असे त्याचे विषय आहेत. वतनदार हे नावाने सेवक, परंतु वस्तुतः राज्याचे वाटेकरी होत. परचक्र येताच ते शत्रूस प्रथम मिळतात, असा इशारा पंत देतात. त्यांस निर्मूळ करू नये, पण मोकळेही सोडू नये, असा त्यांचा मध्यम मार्ग आहे. चाकरीच्या मोबदल्यात भूमी इनाम देऊ नये, कारण वेतन चाकरीपुरते असते. भूमी मात्र पिढ्यान्‌पिढ्या राज्याच्या वसुलातून वजा होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

या उपदेशास केवळ ग्रंथोक्त नीती मानणे योग्य होणार नाही. आपत्काली ज्या उपायाने राज्य वाचविले, तोच उपाय शांततेच्या काळी राज्यास घातक ठरेल, हे तो योजणाऱ्या पुरुषाइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? तथापि हा इशारा उशिरा आला. सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्यावर असंतुष्ट सरदारास दुसरे दार सदैव उघडे होते; वतनांस हात घालण्याचे सामर्थ्य कोणत्याच गादीपाशी उरले नव्हते.

ग्रंथरचनेनंतर लवकरच, इ. स. १७१६ च्या सुमारास, पंतांचे निधन झाले. त्यांची समाधी पन्हाळगडावर आहे. त्यांच्या वंशजांकडे बावड्याची जहागीर वंशपरंपरेने चालली आणि इ. स. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत बावडेकर पंत अमात्यांचे घराणे संस्थानच्या प्रमुख जहागीरदारांत गणले जात होते. वंशपरंपरागत वृत्तींचा धोका ज्यांनी इतक्या स्पष्टपणे मांडला, त्यांचेच घराणे अशा वृत्तीवर सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ नांदले. वतनव्यवस्थेची मुळे किती खोल गेली होती, याचा याहून बोलका पुरावा क्वचितच मिळेल.