थर्मोस्टॅट काढू नका, तपासा

मोटार वारंवार तापत असल्यास थर्मोस्टॅटच काढून टाकावा, असा सल्ला अनेक गॅरेजांत सर्रास दिला जातो. ऐन उन्हाळ्यात कसारा घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकू लागला, की वाहनमालकालाही तो पटतो. प्रत्यक्षात या उपायाने मूळ दोष जागच्या जागी राहतो आणि इंजिनाचे नुकसान मात्र सुरू होते.

थर्मोस्टॅट ही इंजिन व रेडिएटर यांच्या मार्गातील, मुठीत मावेल एवढी झडप होय. तिच्यातील धातूच्या डबीत विशिष्ट मेण भरलेले असते. मेण वापरण्याची ही पद्धत सर्गियस व्हर्नेट यांनी १९३०च्या दशकात विकसित केली. इंजिन थंड असताना झडप बंद राहते आणि कूलंट रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरते. तापमान साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचले की मेण वितळून फुगते, दांडा ढकलला जातो व झडप उघडते. कूलंट थंड होताच स्प्रिंग ती पुन्हा मिटवते.

झडप मिटलेल्या अवस्थेत अडकली तर इंजिन तापून हेड गॅस्केट जाण्याचा व सिलिंडर हेड वाकण्याचा धोका असतो. हा दोष लगेच लक्षात येतो. झडप उघडी अडकली किंवा काढून टाकली, तर मात्र बिघाड गुपचूप वाढतो. इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, हिवाळ्यात तर काही वेळा पोहोचतच नाही. पेट्रोल मोटारीचा संगणक इंजिन थंडच आहे असे समजून जादा इंधन सोडतो. ॲव्हरेज घटते. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरते, वंगण पातळ होते आणि झीज वाढते. हीटरची हवा कोमट येणे हे याचे सोपे लक्षण.

आणखी एक बाब सहसा सांगितली जात नाही. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बाजूचा बायपास मार्ग बंद करतो. थर्मोस्टॅटच नसेल तर हा मार्ग कायम उघडा राहतो व गरम कूलंटचा काही भाग रेडिएटर टाळून इंजिनात परततो. अशा मोटारी घाटात उलट अधिक तापू शकतात! तापण्याचे खरे कारण बहुधा चोंदलेला रेडिएटर, बंद पडलेला पंखा, गळती किंवा खराब वॉटर पंप यांत सापडते.

थर्मोस्टॅटची तपासणी अवघड नाही. तो काढून पाण्याच्या भांड्यात तळाला टेकणार नाही असा दोऱ्याने लोंबकळत ठेवावा आणि थर्मामीटर लावून पाणी तापवावे. झडप उघडू लागण्याचे तापमान बहुधा त्याच्यावरच कोरलेले असते. त्या सुमारास ती उघडली नाही, किंवा पाणी निवल्यावर मिटली नाही, तर नवा थर्मोस्टॅट त्याच तापमानाचा घ्यावा. हे काम इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास दाबाखालील कूलंट अंगावर उसळते. नवा थर्मोस्टॅट बसविल्यावर कूलंट भरताना आतील हवा काढण्यास विसरू नये. डबीभोवती हवेचा बुडबुडा राहिला, तर नवी झडपही वेळेवर उघडत नाही.