घरी येऊन काळजी घेणाऱ्यांचा ‘मालक’ कोण? मिशिगनमधली केअरगिव्हर परिषद नेमकी काय आहे?

अंथरुणाला खिळलेल्या आजीला अंघोळ घालणं, जेवण भरवणं, वेळेवर औषध देणं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात सुमारे ३२ हजार लोक ‘होम हेल्प’ या सरकारी योजनेतून हे काम करतात. त्यातले बरेच जण आपल्याच आई-वडिलांची किंवा नातेवाइकांची काळजी घेतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी दोन विधेयकांवर सही केली आणि या कामगारांसाठी ‘होम हेल्प केअरगिव्हर काउन्सिल’ म्हणजेच एक सार्वजनिक परिषद स्थापन करण्याचा कायदा झाला.

पण यासाठी वेगळी परिषद कशाला लागते?

मूळ अडचण काय?

या कामाला तीन बाजू आहेत. कामावर कोणाला ठेवायचं आणि कोणाला काढायचं, हे काळजीची गरज असलेली व्यक्ती ठरवते. पैसे मात्र मेडिकेड योजनेतून येतात, म्हणजे केंद्र आणि राज्य सरकारच्या तिजोरीतून. आणि दर ठरतो राज्याच्या पातळीवर.

मग पगार वाढवून मागायचा तर कोणाकडे? आजींच्या हातात पैसा नाही आणि सरकार म्हणतं, आम्ही तुमचे मालक नाही. शिवाय प्रत्येक कामगार वेगळ्या घरात एकटा काम करतो, त्यामुळे संघटना करणंही अवघड.

केंद्रीय कायद्यानेही या लोकांना बराच काळ बाहेर ठेवलं. १९७४ मध्ये घरकामगारांना किमान वेतनाचं संरक्षण मिळालं, पण वृद्धांना ‘सोबत’ करणाऱ्यांना त्यातून वगळलं गेलं. ही सूट आकुंचित करणारा नियम २०१३ मध्ये आला आणि २०१५ मध्ये लागू झाला.

ही कल्पना आली कुठून?

कॅलिफोर्नियातून. तिथे १९९२ च्या कायद्याने काउंटींना ‘पब्लिक ऑथॉरिटी’ स्थापन करण्याची मुभा मिळाली. वाटाघाटीच्या टेबलावर मालक म्हणून बसणारी संस्था तयार झाली आणि १९९९ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीतल्या सुमारे ७४ हजार कामगारांनी युनियनच्या बाजूने कौल दिला. पुढे ओरेगॉन (२०००) आणि वॉशिंग्टन (२००१) या राज्यांत मतदारांनीच अशा संस्थांना मंजुरी दिली.

परिषद काय करणार?

- वाटाघाटी: कामगारांनी युनियन निवडली, तर मोबदला आणि कामाच्या अटींवर चर्चा करताना समोरचा पक्ष परिषद असेल.
- प्रशिक्षण: कामगारांना प्रशिक्षण उपलब्ध करून देणं.
- यादी: काळजीवाहक शोधणारी कुटुंबं आणि काम शोधणारे लोक यांची गाठ घालून देणं.

काय बदलत नाही?

निवडण्याचा, काम सांगण्याचा आणि काढून टाकण्याचा हक्क रुग्णाकडेच राहतो. कामगार ‘सरकारी कर्मचारी’ मानले जातात ते फक्त सामूहिक वाटाघाटीपुरते. राज्य कर्मचाऱ्यांच्या इतर सवलती त्यांना आपोआप लागू होत नाहीत. आणि मिशिगनमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांना संप करता येत नाही.

मग वाद कशावरून?

मिशिगनने हा प्रयोग आधीही केला आहे. २००४ मध्ये अशीच एक परिषद झाली, २००५ मध्ये युनियन आली आणि कामगारांच्या मोबदल्यातून वर्गणी कापली जाऊ लागली. आईची काळजी घेणाऱ्या मुलीच्या पैशातून युनियनची वर्गणी का कापायची, हा टीकाकारांचा सवाल होता. २०१२ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर रिक स्नायडर यांनी सही केलेल्या कायद्याने हे कामगार सरकारी कर्मचारी नाहीत असं ठरलं. त्याच नोव्हेंबरमध्ये परिषद राज्यघटनेत घालण्याचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला.

२०१४ मध्ये ‘हॅरिस विरुद्ध क्विन’ या इलिनॉयमधल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला: युनियनचे सदस्य नसलेल्या अशा कामगारांकडून सक्तीने शुल्क घेता येणार नाही. त्यामुळे आताची परिषद जुन्यासारखी चालू शकत नाही. सदस्य व्हायचं की नाही, हे प्रत्येक कामगार स्वतः ठरवणार.

समर्थकांचं म्हणणं वेगळं आहे. मोबदला कमी असला की माणसं टिकत नाहीत. काळजी घेणारी व्यक्ती दर काही महिन्यांनी बदलली, तर त्रास रुग्णालाच होतो. माणूस मिळालाच नाही, तर नर्सिंग होमशिवाय पर्याय उरत नाही.

आपल्याकडे असं काही आहे का?

‘मालक एक नाही, मग जबाबदार कोण?’ हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने कामगार, मालक आणि सरकार यांचे प्रतिनिधी असलेली मंडळं आली आणि मजुरी मंडळामार्फत मिळू लागली. सुरक्षारक्षकांसाठी १९८१ मध्ये तसाच कायदा झाला. घरकामगारांसाठी २००८ चा कायदा आहे, पण त्यातल्या मंडळाचा भर कल्याणकारी मदतीवर आहे. पगाराची बोलणी करणारा समोरचा पक्ष ते होत नाही.

ब्युरोतून आलेल्या मावशी किंवा दादा तुमच्याही घरी आजी-आजोबांना सांभाळत असतील. त्यांचा पगार, सुट्टी आणि प्रशिक्षण आज कोण ठरवतं? मिशिगनचं उत्तर पटो न पटो, हा प्रश्न आपल्यालाही लागू होतो.