मोना हातूम : हरवलेल्या घराची कला

विस्थापन हा समकालीन दृश्यकलेत वारंवार येणारा विषय आहे. मात्र, घोषणांचा आधार न घेता, साबण, केस, किसणी अशा घरगुती वस्तूंमधून विस्थापनाची वेदना प्रेक्षकांपर्यंत पोहोचविणारे कलावंत मोजकेच. पॅलेस्टिनी वंशाच्या मोना हातूम या त्यांपैकी एक अग्रगण्य नाव.

हातूम यांचा जन्म १९५२ साली बैरुत येथे झाला. त्यांचे आई-वडील मूळचे हैफाचे. १९४८ मध्ये त्यांना ते शहर सोडावे लागले. लेबनॉनमध्ये अन्य अनेक पॅलेस्टिनींप्रमाणेच या कुटुंबालाही तेथील ओळखपत्र मिळाले नाही. वडील ब्रिटिश वकिलातीत नोकरीस असल्याने ब्रिटिश पासपोर्ट मात्र मिळाला. जन्म एका देशात, मुळे दुसऱ्या भूमीत आणि नागरिकत्व तिसऱ्याच राष्ट्राचे! १९७५ मध्ये त्या अल्प मुक्कामासाठी लंडनला गेल्या आणि लेबनॉनमध्ये यादवी युद्ध पेटले. परतीची वाट बंद झाली. तेथेच त्यांनी बायम शॉ आणि स्लेड या संस्थांमध्ये कलाशिक्षण पूर्ण केले.

शरीर हेच माध्यम

प्रारंभीच्या काळात हातूम यांनी स्वतःच्या शरीरालाच माध्यम बनविले. १९८२ च्या 'अंडर सीज' या सादरीकरणात चिखलाने माखलेल्या अवस्थेत त्या एका पारदर्शक पेटीत तासन् तास उभे राहण्याची धडपड करीत होत्या आणि पुनःपुन्हा घसरून पडत होत्या. त्यानंतर थोड्याच काळात इस्रायली फौजांनी बैरुतला वेढा घातला. १९८५ मध्ये लंडनमधील ब्रिक्स्टन या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, पोलिसांच्या पायांत दिसणाऱ्या धाटणीचे जड बूट घोट्यांना बांधून, त्या अनवाणी चालल्या. सत्तेचे ओझे ओढत नेणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी वेगळ्या भाष्याची गरज नव्हती.

'मेझर्स ऑफ डिस्टन्स' (१९८८) ही सुमारे पंधरा मिनिटांची चित्रफीत त्यांच्या कारकिर्दीतील महत्त्वाचा टप्पा मानली जाते. स्नान करणाऱ्या आईच्या छायाचित्रांवर, तिने बैरुतहून लेकीला पाठविलेल्या पत्रांतील अरबी अक्षरे तरंगताना दिसतात. हातूम त्या पत्रांचा इंग्रजी अनुवाद वाचतात. अक्षरांच्या या ओळी काटेरी कुंपणासारख्या भासतात. आई-मुलींतील स्त्रीदेहाविषयीचा मोकळा संवाद, त्यावरची वडिलांची नाराजी आणि युद्धाने लादलेला दुरावा यांची वीण येथे इतकी घट्ट आहे, की राजकारण कोठे संपते आणि घर कोठे सुरू होते, हे सांगता येत नाही.

साबणावरील नकाशा

१९९६ मध्ये हातूम यांनी जेरुसलेम येथे 'प्रेझेंट टेन्स' ही कलाकृती साकारली. नाब्लुस शहरात ऑलिव्हच्या तेलापासून पारंपरिक पद्धतीने बनणाऱ्या साबणाच्या दोन हजारांहून अधिक वड्या जमिनीवर मांडून, त्यांत लाल मणी रोवून त्यांनी १९९३ च्या ओस्लो कराराशी निगडित नकाशा रेखाटला. पॅलेस्टिनींच्या वाट्याला येणारे प्रदेश त्यावर विखुरलेल्या बेटांसारखे दिसतात. साबण विरघळणारा, मग त्यावरच्या सीमा तरी किती टिकाऊ, हा प्रश्न पाहणाऱ्यालाच पडतो.

यासर अराफत यांच्यामुळे जगाला परिचित झालेला काळ्या-पांढऱ्या चौकटींचा रुमाल, म्हणजे केफिये, हातूम यांनी स्त्रियांच्या लांब केसांनी विणला. पुरुषी लढाऊपणाच्या या प्रतीकाच्या कडांतून केसांच्या बटा बाहेर ओघळतात. लढ्याच्या इतिहासात अदृश्य राहिलेली स्त्री अशी त्या रुमालातच प्रकट होते.

'होम' (१९९९) मध्ये टेबलावरील धातूच्या स्वयंपाकाच्या उपकरणांतून वीजप्रवाह खेळतो. तारांच्या कुंपणापलीकडून प्रेक्षकाला केवळ त्याची गुणगुण ऐकू येते. 'ग्रेटर डिव्हाइड' (२००२) मध्ये साधी किसणी माणसाहून उंच होते आणि खोलीचे दोन भाग करणारा धारदार पडदा बनते. स्वयंपाकघर हे स्त्रीचे सुरक्षित विश्व, ही समजूत येथे कोसळते.

१९९५ मध्ये टर्नर पारितोषिकासाठी नामांकन, २०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये सिंहावलोकनी प्रदर्शन, २०१९ मध्ये जपानचा प्रीमियम इम्पिरियाले सन्मान, अशी मान्यता त्यांना लाभली. तरीही आपली कला केवळ चरित्राच्या चौकटीत वाचली जाऊ नये, असा त्यांचा आग्रह राहिला आहे. तो रास्तच म्हणावा लागेल. घर असुरक्षित होणे म्हणजे काय, हे जाणण्यासाठी पॅलेस्टिनी असावेच लागते असे नाही. हातूम यांच्या किसणीसमोर उभे राहिले, तरी ते पुरेसे उमगते.