राजप्रसूती व राजसुईणी (यूरोप, सोळावे ते अठरावे शतक)

यूरोपातील राजदरबारांत या काळात राणीचे बाळंतपण हा राज्यकारभाराचाच भाग मानला जाई. जन्मलेले मूल राणीच्याच पोटचे आहे ना, ते जिवंत आहे ना आणि मुलगा आहे की मुलगी, यांवर वारसाहक्क, तह, प्रसंगी युद्धही ठरत असे. त्यामुळे राजसुईणीकडे दोन कामे येत : राणीची सुटका सुखरूप करणे आणि झाल्या गोष्टीची साक्ष देणे. साक्षीचे काम साध्या सुईणींनाही चुकले नव्हते. अविवाहित स्त्रीला कळा येत असताना तिच्याकडून बापाचे नाव काढून घेणे, ही अनेक शहरांत त्यांच्यावर सोपवलेली जबाबदारी होती.

या विषयाची सर्वांत तपशीलवार माहिती लुईझ बुर्झ्वा (1563–1636) हिच्या लेखनातून मिळते. तिचा नवरा मार्तें बूर्सिए हा प्रसिद्ध शस्त्रवैद्य आंब्रवाज पारे याच्या हाताखाली तयार झालेला. पॅरिसच्या तटाबाहेरील उपनगरात त्यांचे घर होते. यादवी युद्धात राजा हेन्री चौथ्याच्या सैन्याने त्या वस्तीची धूळधाण केली आणि कुटुंब उघड्यावर आले. काही काळ शिवणकाम-भरतकामावर गुजराण केल्यावर लुईझने पारेचे ग्रंथ वाचून सुईणपण शिकायला घेतले. पहिली बाळंतपणे शेजारच्या गरीब घरांत केली. 1598 मध्ये तिला परवाना मिळाला. परीक्षकांत एक वैद्य, दोन शस्त्रवैद्य आणि दोन सुईणी असत. त्यांपैकी मादाम द्युप्युई हिने, वैद्यकी करणाऱ्याची बायको आपल्या पोटावर पाय देईल म्हणून, तिला विरोध केला. तीन वर्षांनी राणी मारी द मेदिचीच्या पहिल्या बाळंतपणासाठी राजाची पसंती याच द्युप्युईला होती. राजाच्या दिवंगत प्रेयसीचे, गाब्रिएल देस्त्रेचे, बाळंतपण तिने केलेले होते. राणीला अर्थातच ती नको होती. बुर्झ्वाची नेमणूक झाली ती अशी.

फोंतेनब्लोच्या राजवाड्यात 27 सप्टेंबर 1601 रोजी, सुमारे 22 तासांच्या वेणांनंतर, भावी तेरावा लुई जन्मला. राजघराण्यातील तीन सरदार साक्षीदार म्हणून खोलीतच होते. संत मार्गारेटचे अवशेष आणून ठेवलेले होते, भिक्षू प्रार्थना करीत होते. मूल निपचित होते. बुर्झ्वाने मद्य मागवले आणि घोटभर तोंडात घेऊन बाळाच्या तोंडात फुंकले. वार पडण्याआधी राणीला आनंदाचा किंवा दुःखाचा धक्का बसला तर गर्भाशयाला अपाय होतो, अशी तेव्हाची समजूत होती. म्हणून मुलगा झाल्याचे तिने चेहऱ्यावर दिसू दिले नाही. दासीशी खूण ठरलेली होती. तो चेहरा पाहून राजाला मुलगीच झाली असे वाटले. खात्री पटताच त्याने दारे उघडायला लावली आणि, तिच्या अंदाजाने, दोनेकशे माणसे आत लोटली. बाळंतिणीला हलवायलाही जागा उरली नाही, म्हणून बुर्झ्वा चिडली. हे मूल सगळ्यांचे आहे, असे सांगून राजाने तिला गप्प केले. हे कथन तिचे स्वतःचे, 1617 मध्ये छापलेले. त्यात नायिका तीच आहे, हे लक्षात ठेवून ते वाचावे. तरीही, बाळंतिणीच्या बिछान्यापाशी उभ्या असलेल्या सुईणीने लिहिलेला असा मजकूर त्या काळात दुर्मीळच.

1609 पर्यंत राणीची सहाही मुले तिच्याच हातून जन्मली. मोबदला मुलग्याला 500 एक्यू, मुलीला 300; कष्ट मात्र दोन्हीकडे सारखेच. 1609 मध्येच तिचा वंध्यत्व, गर्भपात, प्रसूती व नवजात बालकांचे आजार यांवरील ग्रंथ निघाला. फ्रान्समध्ये सुईणीने लिहून छापलेला हा पहिला ग्रंथ होय.

1627 च्या मे महिन्यात राजपुत्र गास्तोंच्या पत्नीला, मारी द बुर्बोंला, मुलगी झाली आणि काही दिवसांत आई दगावली. शवविच्छेदन करणाऱ्या वैद्य-शस्त्रवैद्यांनी वारेचा तुकडा आत राहिल्याचे नोंदवले. सुईणीचे नाव त्यात नव्हते. ते घेण्याची गरजही नव्हती; बाळंतपण बुर्झ्वानेच केले होते. गास्तोंला 19 वर्षांपूर्वी जगात आणणारी बुर्झ्वा आता 64 वर्षांची होती. तिने लगेच छापील उत्तर दिले : वार पूर्ण पडली होती, आणि गर्भाशय व वार यांबाबत वैद्यांनाच काही कळत नाही. दरबारी वैद्य शार्ल गियमो याने तिला तुच्छतेने झिडकारले आणि तिची दरबारातील कारकीर्द संपली. दोषी कोण, याचा निवाडा आज होणे नाही. पण सही करणारे अनेक आणि उत्तरदायी एकटी, ही रचना नजरेआड करता येत नाही.

ब्रांडेनबुर्गच्या दरबारातील सुईण युस्टिने झीगेमुंड (1636–1705) हिला स्वतःला मूल झाले नाही. तरुणपणी सुईणींनी ती गरोदर असल्याचे चुकीचे निदान करून तिचे हाल केले. त्यातूनच ती या विद्येकडे वळली. 1690 मधील तिच्या सचित्र, संवादरूप ग्रंथात आडवे मूल दोन्ही हातांनी फिरवून पायांकडून काढण्याची रीत आहे : एका हाताने पायाला बांधलेली फीत ओढायची, दुसऱ्याने डोके वर सारायचे.

इंग्लंडमध्ये साक्षीचा प्रश्न राज्यक्रांतीपर्यंत गेला. ज्या विवाहकरारात मुंबई बेट आंदण गेले, त्यातील वधू, दुसऱ्या चार्ल्सची राणी कॅथरिन ऑफ ब्रागांझा, हिला अपत्य झाले नाही. म्हणून चार्ल्सची गादी त्याचा कॅथलिक भाऊ दुसरा जेम्स याच्याकडे आली. 10 जून 1688 रोजी जेम्सची राणी मेरी ऑफ मोडेना हिला मुलगा झाला आणि बिछाना उबवण्याच्या निखाऱ्यांच्या भांड्यातून परके मूल आत आणल्याची वदंता उठली. खोली माणसांनी भरलेली होती; पण त्यांतील अनेक कॅथलिक, म्हणून प्रॉटेस्टंटांना त्यांची साक्ष पटेना. जेम्सची प्रॉटेस्टंट मुलगी ॲन बाथला होती, तर कँटरबरीचे आर्चबिशप राजाच्याच हुकमाने टॉवरमध्ये कैदेत होते. ऑक्टोबरमध्ये जेम्सने सुईण ज्युडिथ विल्क्ससह चाळीसहून अधिक जणांच्या जबान्या घेऊन छापल्या. उपयोग झाला नाही; पुढच्याच महिन्यात जेम्सचा प्रॉटेस्टंट जावई विल्यम ऑफ ऑरेंज सैन्यासह इंग्लंडमध्ये उतरला.

फ्रान्समध्ये 1682 साली व्हर्सायला युवराज्ञीचे बाळंतपण झ्युल्यें क्लेमां या पुरुषाने केले. पुढे स्पेनच्या राणीसाठीही त्याला माद्रिदला नेण्यात आले. त्यानंतर श्रीमंत घरांतून पुरुष प्रसूतितज्ज्ञ बोलावण्याची चाल वाढली आणि सुईणीचा दरबारातील मान ओसरला. गर्दीची प्रथा मात्र टिकली. डिसेंबर 1778 मध्ये मारी आंत्वानेतच्या पहिल्या बाळंतपणात एवढे लोक आत घुसले की राणी बेशुद्ध पडली. इंग्लंडमध्ये राजघराण्यातील जन्मप्रसंगी गृहमंत्र्याने हजर राहण्याचा प्रघात 1948 मध्ये, आजचे राजे तिसरे चार्ल्स यांच्या जन्माआधी, बंद करण्यात आला.