कुष्ठजंतूचे संवर्धन आणि डॉ. कमल रणदिवे

सुरतेचे नाव निघाले म्हणजे मराठी वाचकास 1664 सालची स्वारी आठवते. आम्हां सुरतनिवासी मराठी शिक्षकांस मात्र 1994 चा सप्टेंबर आठवल्यावाचून राहत नाही. प्लेगच्या वार्तेने चार-सहा दिवसांत लक्षावधी माणसे शहर सोडून गेली, आणि इकडे तज्ज्ञांत वाद माजला की, हा जंतू प्लेगचाच की अन्य कोणत्या रोगाचा? जनुकीय परीक्षेने तो प्लेगचाच असल्याचा निर्वाळा प्रसिद्ध होईपर्यंत 2000 साल उजाडले. जंतूची ओळख पटविणे किती बिकट असते, याचा हा आमच्या दारचा दाखला. हाच प्रश्न एका मराठी विदुषीच्या संशोधनाच्या केंद्रस्थानी उभा आहे. परंतु तिची चरित्रटिपणे लिहिणारे बहुधा तो वगळून पुढे जातात, म्हणून हा लेखप्रपंच.

डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, यांचा जन्म 1917 साली पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक. शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. 1943 साली त्यांनी एम.एस्सी. पदवी मिळविली, ती सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींवर. वनस्पतींकडून त्या मानवी रोगाकडे वळल्या, त्या मुंबईस डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली. 1949 साली डॉक्टरेट मिळाल्यावर त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथे डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. 'हेला' हा अखंड वाढत राहणारा मानवी पेशींचा वंश याच प्रयोगशाळेत 1951 साली सिद्ध झाला. जिवंत पेशी शरीराबाहेर, काचपात्रात वाढविण्याची ही विद्या घेऊन बाई परतल्या आणि परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. कर्करोगासाठी आणलेले हे साधन कुष्ठरोगाच्या कामी आले, हा या कथेतला आम्हांस सर्वांत मोलाचा वाटणारा भाग होय.

कुष्ठजंतू हॅन्सेनने नॉर्वेत 1873 साली पाहिला. परंतु पाहणे निराळे आणि वाढविणे निराळे. क्षयाचा जंतू पोषक द्रव्यावर वाढतो, हा वाढत नाही. एकाचे दोन व्हावयास त्यास सुमारे दोन आठवडे लागतात, आणि त्याचा जवळजवळ निम्मा जनुकसंभार निकामी झालेला आहे, हे 2001 साली उघड झाले. 1958 साली बापट, रणदिवे आणि खानोलकर या त्रयीने कुष्ठरुग्णाच्या गाठीतील द्रव्य मानवी गर्भाच्या मज्जारज्जूलगतच्या चेतापेशींच्या संवर्धनात घातले. कुष्ठजंतूस चेतातंतूंची ओढ असते, हे ध्यानी घेता ही निवड विचारपूर्वकच म्हटली पाहिजे. पात्रात जंतू वाढू लागले. संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्यांस 'आय.सी.आर.सी. जंतू' हे नाव पडले.

आता वाद येथेच आहे. पुढील परीक्षणांत हा जंतू हॅन्सेनचा नसून त्याच गोत्रातील दुसऱ्या, पक्ष्यांत व माणसांत आढळणाऱ्या गटाचा ठरला. म्हणजे मूळ दावा टिकला नाही. तथापि कुष्ठजंतूशी त्याचे इतके साम्य निघाले की, डॉ. माधव देव, बापट व त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅमा किरणांनी मारलेल्या याच जंतूंपासून लस सिद्ध केली. दक्षिण भारतात घेतलेल्या तुलनात्मक चाचणीचे फळ 1998 साली प्रसिद्ध झाले. त्यात या लशीने 65.5 टक्के संरक्षण दिल्याचे आढळले, बी.सी.जी.चे प्रमाण 34.1 टक्के होते.

'रणदिवेबाईंनी कुष्ठरोगाची लस शोधली' असे वाक्य विद्यार्थ्यांस पाठ करावयास लावणे आम्हांस पसंत नाही. ते सोपे आहे, पण त्यात बापट, देव यांची नावे गळतात आणि जंतूच्या ओळखीचा घोळही दडून राहतो. खुद्द बाईंची थोरवी त्या वाक्यावर अवलंबून नाही. 1982 सालचे पद्मभूषण, 1973 साली स्थापलेली भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना, स्तनाच्या कर्करोगावरील उंदरांचे प्रयोग, हे सारे त्यांच्या नावे आहेच. 2001 साली त्या निवर्तल्या. हॅन्सेनच्या जंतूसाठी प्रयोगशाळांस आजही उंदराचा तळपाय अथवा आर्माडिलो हा कवचधारी प्राणी यांचाच आधार घ्यावा लागतो. काचपात्र त्यास अद्याप मानवलेले नाही.