खरवड : झिजलेल्या एका मुठीच्या निमित्ताने

शस्त्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा नळी, गोळी आणि चाप यांविषयी लिहितात, मुठीविषयी क्वचितच. वस्तुतः माणसाचा हात शस्त्राला भिडतो तो मुठीपाशीच, आणि हाताची खूण लाकूड जितकी सांभाळते तितकी पोलाद सांभाळत नाही. म्हणूनच पिस्तुलांच्या झिजलेल्या लाकडी मुठींना घरच्या घरी नवी झिलई देण्याचा जो उद्योग अमेरिकेतील संग्राहकांत व हौशी मंडळींत चालतो, तो आम्हांस निव्वळ सुतारकामाचा विषय वाटत नाही. जुन्या संहितेशी कसे वागावे, हा साहित्याच्या अभ्यासकाचा नित्याचा प्रश्नच तिथे वेगळ्या रूपाने उभा राहतो.

उदाहरणादाखल कोल्टचे १९११ हे पिस्तूल घेऊ. जॉन ब्राउनिंगने रचलेले हे पिस्तूल अमेरिकी सैन्याने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारले. १९८५ मध्ये बेरेटा एम-९ ची निवड होईपर्यंत तेच त्या सैन्याचे अधिकृत पिस्तूल राहिले. आरंभीच्या नगांच्या मुठीला दोन्ही अंगांनी अक्रोडाच्या पट्ट्या असत. प्रत्येक पट्टी दोन स्क्रूंनी बसवलेली. घामेजल्या हातातून पकड निसटू नये म्हणून पट्टीवर आडव्यातिडव्या बारीक खाचा पाडलेल्या असत. मात्र स्क्रूच्या छिद्राभोवती शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा कोराच ठेवलेला असे, कारण छिद्रापाशी लाकूड आधीच दुबळे झालेले असते. संग्राहक या घडणीला ‘डबल डायमंड’ म्हणतात. सौंदर्य आणि उपयोग यांची फारकत इथे करता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धात मागणी अफाट वाढली आणि लाकडाची जागा तपकिरी प्लॅस्टिकने घेतली. या काळात ही पिस्तुले सर्वाधिक संख्येने बनवली ती रेमिंग्टन रँड या टाइपरायटरच्या कंपनीने. ज्या रेमिंग्टनचे नाव देवनागरीच्या एका कळफलकाला अजून चिकटलेले आहे, तेच हे घराणे. शिलाई यंत्रांच्या सिंगर कंपनीनेही पाचशे नग घडवले. सारे साच्यातले, एकासारखे एक. परंतु सैनिकांना हा सारखेपणा मानवला नसावा. काहींनी विमानांच्या पारदर्शक प्लेक्सिग्लासचे तुकडे कापून मुठीवर बसवले आणि त्यांच्याखाली पत्नीचे वा प्रेयसीचे छायाचित्र ठेवले. सरकारी मालाच्या वस्तूवर एका खाजगी आयुष्याचा हा शेरा होता. लाकडी मुठीवर असा शेरा मुद्दाम लिहावा लागत नाही. अंगठ्याखाली बोथट झालेल्या खाचा, तळाशी पडलेला पोचा, घामाने काळवंडलेली कड यांतून तो आपोआप उमटतो.

आता नवी झिलई देण्याची रीत पाहू. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून, खाचेत नेमका बसेल अशा पेचकसाने स्क्रू काढायचे आणि पट्ट्या अलग करायच्या. जुन्या मळात शिशाचा अंश असू शकतो, म्हणून हातमोजे हवेत. मिनरल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या मऊ ब्रशाने खाचांतला मळ निघतो. पोचा पडला असेल, तर ओले फडके ठेवून वरून गरम इस्त्री क्षणभर टेकवतात. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. तंतू तुटलेले असतील तर मात्र हा उपाय चालत नाही. दबलेले सावरता येते, तुटलेले नाही. पॉलिश पेपर हा शेवटचा आणि सर्वांत घातक उपाय, कारण तो मळाबरोबर खाचाही खातो आणि लाकडाची कड धातूच्या पातळीखाली नेतो. शेवटी जवसाच्या तेलाचे, म्हणजे आपले रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात त्याचे, पातळ हात द्यायचे आणि दर वेळी जादा तेल पुसून घ्यायचे.

हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते घट्ट होते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. तेलाची फडकी गोळा करून टाकली की ती उष्णता आतच साठते आणि फडकी आपोआप पेटतात. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी फिलाडेल्फियातील वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला लागलेली आग लाकूडकामाला झिलई देताना वापरलेल्या अशाच फडक्यांनी सुरू झाली आणि तीन अग्निशामक जवान तीत मृत्युमुखी पडले. म्हणून फडकी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत.

प्रश्न उरतो तो कुठे थांबावे, हा. विल्यम मॉरिस या कवीने १८७७ मध्ये जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी इंग्लंडमध्ये एक संस्था स्थापली. जीर्णोद्धाराच्या नावाखाली चर्चच्या भिंती खरवडून ‘मूळ’ रूपास नेण्याची तेव्हा लाट होती. तिला विरोध म्हणून संस्थेचे लाडके नाव पडले ‘अँटी-स्क्रेप’, म्हणजे खरवडविरोधी. मूळ रूप म्हणून जे हाती येते ते बहुधा आपल्याच काळाचे असते, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्याबद्दल मराठी वाचक त्यांचा ऋणी आहे. तरीही त्यापूर्वीच्या पाठाचा शोध अभ्यासकांना घ्यावा लागलाच. शुद्धीचे मोल असे चुकवावेच लागते.

मुठीच्या बाबतीत हे मोल अधिक बोचरे आहे. पिस्तूल हे माणूस मारण्यासाठी घडवलेले साधन आहे. त्याच्या मुठीवरची झीज पुसून, अक्रोडाचे रेषे तेलाने उजळून ते काचेच्या कपाटात ठेवले की पाहणाऱ्याला लाकूड दिसते, हात दिसत नाही. तो हात भ्यालेला होता की निर्ढावलेला, हे झीज सांगू शकत नाही. पण तिथे कुणाचा तरी हात होता, एवढी साक्ष ती देते. मळ हा प्रक्षेप आहे, तो काढावा. झीज मात्र संहिता आहे. कालपरवा घेतलेली साधी पट्टी हवी तर खुशाल घासावी. युद्धातून आलेल्या पट्टीला ब्रश आणि तेलाचा एक पातळ हात पुरे. त्याहून अधिक काही करायचे असल्यास नवी पट्टी बसवावी आणि जुनी, आहे तशी, कागदात गुंडाळून जपून ठेवावी.