सत्तर पानांचा पुडा

मनगटावरचं घड्याळ काढून ठेव, मोबाईलही राहू दे. आपण 1989 च्या मे महिन्यात जातोय. गडचिरोली जिल्हा होऊन अजून सात वर्षंही झालेली नाहीत. म्हातारी माणसं पत्ता सांगताना चांदा जिल्हाच म्हणतात. कुरखेड्याच्या पुढे, जिथून एसटी माघारी फिरते त्याच्याही आतलं एक गाव. तू सोळा वर्षांची आहेस. मार्चमध्ये दहावीचे पेपर दिलेस, निकाल जूनमध्ये लागेल. तोवर तुझ्या वर्गातली बहुतेक पोरं एकाच कामाला लागलीत: तेंदूपत्ता.

"उठ वं बाई, उजाडलं तर पानं दुसरे नेतील."

उजाडायला अजून खूप वेळ आहे. माय चुलीपाशी नाही, ती कधीच तयार होऊन अंगणात उभी आहे. काल रात्रीचा भात आणि अंबाडीची आंबट भाजी फडक्यात बांधलेली, पाण्याचा तुंबा काकांच्या खांद्यावर. तुझ्या डोक्यावर जुनं लुगडं घडी करून ठेवलंय. परतताना त्याचंच गाठोडं होणार. गावातली पंचवीस-तीस माणसं एका रांगेत चालतात. पुढे चालणारा अधूनमधून खाकरतो, काठी आपटतो, म्हणजे अस्वल असेल तर बाजूला होईल. मोहफुलांचा हंगाम सरलाय, पण झाडांखालची जाळलेली जमीन अजून काळी आहे. गाडीवाटेवर बसलेला रातवा पायाशी येईपर्यंत हलत नाही, मग आवाज न करता उडतो.

तेंदूचं मोठं झाड शोधू नकोस. तुला हवीत ती कमरेइतकी झुडपं, थंडी सरताना छाटलेली, आता नव्या पालवीने भरलेली. शेंड्याचं तांबूस पान कोवळं, ते वाळलं की चुरगळतं. खालचं गर्द हिरवं पान जून, ते वळताना फाटतं. ह्या दोघांमधलं, तळहाताएवढं, मऊ तरी चिवट, तेच तोडायचं. ज्याच्यावर फोड आलेत ते नको, किडीने भोक पाडलेलं नको. हे तुला कुणी फळ्यावर शिकवलेलं नाही. पाच-सहा वर्षांची असल्यापासून मायच्या मागे फिरून बोटांना कळलंय. उजव्या हाताने तोडायचं, डाव्या हातात एकावर एक लावत जायचं, मूठ भरली की ओच्यात. मध्येच तेंदूचं एखादं पिकलेलं फळ, टेंभरं, सापडतं, पिवळं, चिकट गोड. खा. चारोळीच्या झाडाखाली थांबू नकोस, चारं वेचायला लागलीस की तास जातो.

नऊ वाजता ऊन पाठीवर बसतं. दहाला गाठोडं बांधायचं. ते किती जड आहे हे चालायला लागल्यावर कळतं. हिरवी पानं, त्यात सगळं पाणीच. डोक्यावर ओझं आणि पायाखाली तापलेली मुरमाड वाट. ह्या भागात मेमध्ये पारा पंचेचाळिसाच्या आसपास असतो, नवतप्यात त्याच्याही वर.

खरं काम त्यानंतर आहे. घराच्या ओसरीवर गाठोडी सोडली जातात आणि आजीपासून धाकट्या भावापर्यंत सगळे गोल बसतात. सत्तर पानं, एक पुडा. पाच-पाच मोजली की चौदा खेपा. कडा जुळवायच्या, देठ एका बाजूला घ्यायचे आणि झाडाच्या सालीच्या वाकाने आवळायचं. सैल बांधलास तर वाळताना पानं निसटतात, फार आवळलास तर मधली काळी पडतात. शंभर पुडे म्हणजे सात हजार पानं. आजीला लिहिता येत नाही, पण तिचा पुडा कधी एकोणसत्तरचा निघत नाही. तुझ्या बोटांची टोकं चिकाने काळपट झालीत. साबणाने जात नाहीत. शाळा सुरू झाल्यावरही काही दिवस ती तशीच राहतील, आणि वर्गात कुणी विचारणार नाही, कारण सगळ्यांचीच तशी असतील.

दुपारी चारनंतर फळीवर. फळी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं वावर, तिथे ठेकेदाराचा माणूस बसतो, त्याला सगळे दिवाणजी म्हणतात. झाडाखाली खाट, खाटेवर वही. समोर हजारो पुडे ओळीने वाळत घातलेले, हिरव्याचे तपकिरी होत चाललेले. आठेक दिवस वाळले की पाणी शिंपडून पानं नरम करायची, पोत्यांत दाबून भरायची आणि ट्रकमध्ये चढवायची. ह्या आठ दिवसांत अवकाळी पाऊस आला तर सगळं कुजतं, म्हणून दिवाणजी पानांपेक्षा आभाळाकडे जास्त बघतो.

तुमचा नंबर आला. तो एक पुडा उचलतो, बोटाने कडा फिरवतो.

"पानं बारीक आहेत. हे नाही चालत."

"सकारपासून उन्हात आहोत जी," माय म्हणते.

तो पाच-सहा पुडे बाजूला फेकतो. फेकलेले परत देत नाही. शिवाय शेकड्यामागे वरचे चार-पाच घ्यायचे, तुटफूट म्हणून, हा रिवाज. मग कार्डावर आकडा घालतो आणि मायकडे देतो. माय ते घडी करून पदराला बांधते. तिने आकडा बघितलेला नाही. तू बघतेस. तू दहावीचं गणित दिलंयस. आणलेले पुडे, फेकलेले, वरचे आणि लिहिलेले ह्यांची बेरीज तू उभ्याउभ्या करतेस, आणि ती जुळत नाही.

इथे जरा थांब. बोलशील? बोललीस तर उद्या तुमच्या घरची पानं आणखी बारीक निघतील. दुसरीकडे विकायची सोय नाही. 1969 च्या कायद्याने तेंदूचा व्यापार सरकारच्या ताब्यात गेला. जंगलाचे घटक पाडून त्यांचा लिलाव होतो, आणि ज्याने घटक घेतला त्यालाच पान द्यावं लागतं. यंदा शेकड्याला काय दर, ह्याची बोलणी हंगामाआधी होतात. त्यात बंदूक घेऊन जंगलात फिरणाऱ्या दादालोकांचाही शब्द चालतो. गावात त्यावर कुणी मोठ्याने बोलत नाही. तू गप्प राहतेस. घरी येऊन वहीच्या मागच्या पानावर तारीख टाकून खरा आकडा तेवढा लिहून ठेवतेस.

हंगाम पंधरा-वीस दिवसांचा, फार तर त्याहून थोडा जास्त. पैसे हातात येतात तेव्हा पेरणी तोंडावर असते. धानाचं बियाणं घ्यायचं, सावकाराचं काहीतरी फेडायचं, घराची कवेलू फेरायची. त्यातून तुझ्या अकरावीचं काय उरतं? ब्रह्मपुरीला राहायचं तर खोली, पेटी, पुस्तकं. बाबा आणि माय रात्री अंगणात खाटेवर हळू आवाजात हिशेब करतात आणि तू झोपेचं सोंग घेऊन ऐकतेस. सुट्टीत कमावणाऱ्या मुलांचं कौतुक करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ह्या रात्री तरी ते करू नये असं मला वाटतं. मुलीने काम केलं यात काही वाईट नाही. वाईट हे आहे की तिने तोडलेल्या पानांतून तिची फी निघेल की नाही, हे फळीवरच्या खाटेवर बसलेला माणूस ठरवतो.

तुझी पानं मात्र लांबचा प्रवास करतात. सिन्नर, सोलापूर, कामठी. सोलापुरात पद्मशाली वस्तीतली एखादी बाई पत्र्याचा फर्मा ठेवून तेच पान कात्रीने कापते, तंबाखू भरते, वळते, दोऱ्याने बांधते. तिलाही शेकड्याने आणि हजाराने मोजून पैसे मिळतात, आणि तिच्याही खराब विड्या कुणीतरी बाजूला टाकतं. तुम्ही दोघी एकमेकींना कधी भेटणार नाही.

आता पुढे चल. 2017. तोच मे, तेच जंगल, पण ह्या खेपेला तू वीस वर्षांची, गडचिरोलीत बी.ए. करणारी. मधल्या काळात बरंच घडलंय. 2006 चा वनहक्क कायदा आला. 2009 मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला त्याच्या 1800 हून अधिक हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. 2011 च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश तिथे आले आणि बांबूच्या वाहतुकीचा पास देण्याचा अधिकार गावाच्या हाती आला. 2013 पासून गडचिरोली-गोंदियातल्या काही ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या. तुझं गाव त्या वाटेवर उशिरा आलं, पण आलं.

फळी तिथेच आहे. खाटेच्या जागी प्लास्टिकची खुर्ची, आणि खुर्चीवर तू. ग्रामसभेने हंगामापुरतं तुला हिशेबाला ठेवलंय. समोर रजिस्टर: नाव, आणलेले पुडे, नाकारलेले पुडे आणि नाकारण्याचं कारण, सही किंवा अंगठा. कारणाचा रकाना तुझ्या आग्रहाने आखला गेला. एखादी काकू पुडे आणते, त्यातले दोन सैल आहेत. तू ते फेकत नाहीस, तिच्या हातात परत देतेस, "घरी बांधून उद्या आना काकू." ती कुरकुरते, पण नेते. रात्री व्यापाऱ्याचा माणूस येतो तेव्हा तुझा आकडा आणि त्याचा आकडा समोरासमोर जुळवला जातो. ह्या वर्षी भाव चांगला आहे. पुढच्या वर्षी तो पडेल, आणि तेव्हा ग्रामसभेला कळेल की बाजारात उतरणं म्हणजे तोटाही आपला. तरी मला विचारशील तर, गावाने स्वतः केलेला तोट्याचा हिशेबसुद्धा त्या जुन्या वहीपेक्षा शंभर पटीने बरा.

सगळ्यांनी हीच वाट धरली असंही नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने जंगलाचा हक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. पानासाठी झाडं छाटतात, वणवे लावतात, फळ येत नाही, आणि ते फळ माणसं खातात, पाखरंही खातात, असा त्यांचा विचार. त्यांनी बांबूवर गाव चालवलं. हा हंगामी पैसा सोडायला केवढं धाडस लागतं, हे ओसरीवर सत्तर पानं मोजलेल्या माणसाला बरोबर समजतं.

आता शेवटचा टप्पा, 2025. पहाटेची रांग अजून निघते. विद्यार्थी अजून त्यात असतात, कॉलेजातली पोरं, बारावीची, आणि असू नयेत ती लहानही. अस्वलासाठी खाकरणं आता पुरत नाही, कारण चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांत वाघ वाढलेत. 10 मे 2025 रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूची पानं तोडायला गेलेल्या तीन स्त्रियांना वाघाने एकाच दिवशी मारलं. झुडपासमोर वाकलेलं माणूस पाठीमागचं बघू शकत नाही. तू वाकलेली आहेस, तुला ठाऊक आहे.

म्हणून आता परत आलीस की एवढं कर. तुझ्या ओळखीत वनखात्यात कुणी असेल, जिल्हा परिषदेत असेल, कॉलेजात शिकवणारं असेल, तर त्यांना सांग: हंगामाच्या त्या पंधरा-वीस दिवसांत कुठल्या भागात वाघाचा वावर आहे, हे आदल्या संध्याकाळी फळीवर कळलं पाहिजे. उजाडण्याआधी कुणी जंगलात शिरू नये, आणि त्यासाठी पान घेण्याची वेळ उशिरापर्यंत ठेवावी. अठराच्या आतली मुलं घरी राहतील इतका दर शेकड्याला मिळाला पाहिजे. आणि रजिस्टर गावातल्या शिकलेल्या पोरींकडेच राहू द्या.